वाचा परतते ती कोणत्या भाषेत?

अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेला मनुष्य घरी आला म्हणजे आप्तेष्ट सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याची खरी परीक्षा मात्र तो पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढू लागतो तेव्हा सुरू होते. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सध्या ती देत आहेत. बेळगावातील एका सरकारी कचेरीत पंचवीस वर्षे त्यांनी कानडी टिपणे बिनचूक लिहिली. घरी मराठी, दप्तरात कानडी! झटक्यानंतर उजवा हात सावकाश हलू लागला, पण शब्द हरपले. चार महिन्यांनी जे परतले ते मराठी : पाणी, चष्मा, नातीचे नाव. कानडी त्यांना समजते, ओठांवर येत नाही. तपासणाऱ्याने सारे प्रश्न कानडीत विचारले, उत्तर आले नाही, आणि 'कामास अयोग्य' असा शेरा पडला.

मेंदूचा डावा भाग दुखावला की उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा वाणीही जाते. याला वाचाघात म्हणतात. अनेक भाषा जाणणाऱ्या रोग्याची पहिली भाषा आधी परतते, असे फ्रेंच पंडित रिबो याने १८८१ साली मांडले; सर्वाधिक सरावाची आधी परतते, असे त्याचाच देशबांधव पित्र याने १८९५ साली. पुढे दोन्ही नियमांना अपवाद सापडले. कित्येकांच्या सर्व भाषा बरोबरीनेच सुधारतात. तेव्हा मायबोलीच आधी येते असा डांगोरा आम्ही पिटणार नाही. चळवळीच्या सोयीसाठी शास्त्र वाकविणे आम्हांस मान्य नाही. पण रोग्याला अवगत असलेल्या सर्व भाषांत त्याला तपासल्यावाचून त्याची कुवत कशी ठरणार? सोलापुरातील कानडी रोग्याला केवळ मराठीत तपासले तरी अन्याय तोच. आणि हेही नमूद करतो, की आमच्या या गृहस्थांच्या रजेच्या अर्जांसाठी धावपळ करणारा सहकारी कानडीच आहे.

आता कायदा पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. त्याच कायद्याचे कलम २० (४) सांगते, की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेने काढू नये, खालच्या पदावर ढकलू नये. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत अथवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. १९९५ च्या कायद्यातही कलम ४७ ने हेच बजावले होते. मग 'अयोग्य' म्हणून घरी बसविण्याची ही घाई कशाला? आवक-जावक नोंदी, दप्तराची मांडणी, आकड्यांची पडताळणी यांपैकी काहीच त्यांच्यासाठी नाही काय?

खासगी पेढीत हे कलम लागू नाही, ही त्याची मोठी उणीव. खडेबाजारातला एखादा दुकानदार जुन्या मुनिमाला गल्ल्याशेजारी बसवून घेईल, दुसरा महिनाभरात नवा माणूस आणील. कायदा दोघांनाही काही विचारणार नाही.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमान्वये गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. घरात असा रोगी असलेल्या वाचकांनी तपासणीपूर्वीच लेखी मागावे : प्रश्न मराठीतही विचारा, ते विचारू शकणारा जाणकार बसवा, आणि तपासणी कोणत्या भाषेत झाली ते अहवालात लिहा. आमच्या गृहस्थांचा फेरतपासणीचा अर्ज या आठवड्यात जाईल. मजकूर मराठीत आहे. खालची सही त्यांनी डाव्या हाताने केली आहे. तिला दोन दिवस लागले.