जेम्स अर्ल जोन्स गेले, पण त्यांच्या आवाजावरून वाद का झाला?

'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरला आवाज देणारे अमेरिकी अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांचं ९ सप्टेंबर २०२४ रोजी निधन झालं. मात्र मे २०२५ मध्ये 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममध्ये त्यांचा आवाज खेळाडूंशी चक्क गप्पा मारू लागला. तो एआयनं तयार केलेला होता.

लहानपणी जोन्स इतके अडखळत बोलायचे, की सुमारे आठ वर्षं ते जवळजवळ गप्पच होते. शाळेत एका शिक्षकानं कविता म्हणायला लावून त्यांना बोलतं केलं. पुढे 'द ग्रेट व्हाइट होप' (१९६९) आणि 'फेन्सेस' (१९८७) या नाटकांतल्या भूमिकांसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाले.

मग वाद कशाचा? गेमला जोन्स यांच्या कुटुंबाची संमती होती. २०२२च्या 'ओबी-वान केनोबी' मालिकेसाठी तर जोन्स यांनी स्वतःच एआयला परवानगी दिली होती. तरीही 'सॅग-आफ्ट्रा' या कलाकार संघटनेनं तक्रार केली. वारसांचा हक्क तिला मान्य आहे. पण गेममध्ये व्हेडरचा आवाज काढणाऱ्या कलाकारांचं काम, संघटनेशी वाटाघाटी न करताच एआयला दिलं, असा तिचा आक्षेप होता.

मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआयनं विनापरवानगी नक्कल करायला मनाई केली. तिथे प्रश्न संमतीचा होता. जोन्स यांच्या प्रकरणात संमती आहे, तरी प्रश्न उरतो: ज्यांचं काम गेलं, त्यांना कोण विचारणार?