विज्ञान आणि घर : गिटारची गर्जना

घरात कोणी मुलगा अथवा मुलगी विजेची गिटार वाजवीत असेल, तर एखादे दिवशी वडीलमंडळींच्या कानी असा काही ध्वनी पडतो की, यंत्र बिघडले असावे अशी त्यांची समजूत व्हावी. स्वर फाटलेला, खरखरीत, लाकूड कापणाऱ्या करवतीसारखा. आणि वाजविणाऱ्याच्या मुद्रेवर मात्र पूर्ण समाधान! त्याच्या पायाशी पाहावे तर धातूची एक लहानशी डबी असते. तिला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. 'हेवी मेटल' संगीतातील गिटारचा करडा, घनदाट नाद बहुधा अशा डबीतून अथवा ध्वनिवर्धकातील तशाच रचनेतून निघतो.

यंत्र बिघडल्याची शंका अगदीच निराधार नाही, कारण या डबीचा जन्मच एका बिघाडातून झाला. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत नॅशव्हिल येथे चालू असता, ध्वनिमुद्रणयंत्राच्या एका विभागात दोष उत्पन्न झाला व ग्रेडी मार्टिन यांच्या बास-गिटारचा स्वर घरघरू लागला. तो तसाच ठेवण्यात आला व लोकांना आवडला. तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच परिणाम हेतुपुरस्सर साधणारी रचना सिद्ध केली. तीवरून गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये 'मेस्ट्रो फझ-टोन' ही डबी बाजारात आणली.

आता डबीच्या आत काय घडते ते पाहू. तार छेडली की गिटारमध्ये विजेची क्षीण लहर निर्माण होते. डबी तिला कित्येक पटींनी मोठी करते. परंतु पुढे डायोडांची एक मर्यादा घातलेली असते. तीपलीकडे लहर जाऊ शकत नाही, म्हणून तिचे माथे छाटले जातात. गोलसर लहर अशी सपाट झाली की तीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर बलवान होतात आणि नाद भरदार लागतो. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, ती उपस्वर जागे करण्यासाठीच. साधने निराळी, परंतु कानाची ती आवड आपल्यालाही अपरिचित नाही.

मेटलसाठी ही वाढ फारच मोठी ठेवतात. त्यामुळे तारेचे कंपन मंदावले तरी लहर मर्यादेला भिडतच राहते व स्वर लांबतो. मात्र एकाच वेळी अनेक स्वर वाजविले तर त्यांच्या मिश्रणातून नवे, विसंवादी स्वर उपजतात. म्हणून हे वादक बहुधा षड्ज व पंचम एवढीच जोडी घेतात. ११० आणि सुमारे १६५ कंपनांच्या जोडीतून ५५ कंपनांचा, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्ज आपोआप उमटतो आणि नादाला खोली येते. तारेवरील बारीकसारीक घासणीही मोठी होत असल्याने उजव्या तळहाताची कड तारांवर ठेवून स्वर नेमका तोडावा लागतो. ही कला सरावानेच साध्य होते. डबी ती देत नाही.

जपानच्या बॉस कंपनीने १९८३ ते १९९१ या काळात 'एचएम-२ हेवी मेटल' नावाचे पेडल काढले होते. स्वीडनमधील तरुणांनी त्याच्या चारही खुंट्या शेवटपर्यंत फिरविल्या. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत मुद्रित झालेल्या एन्टूम्ब्ड या वाद्यवृंदाच्या 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) या संग्रहात तो करवती नाद ऐकू येतो. त्याची चाहती मंडळी एवढी वाढली की, कंपनीला २०२० मध्ये ते पेडल नव्याने काढावे लागले.

परंतु कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. खरखर आणि मोठेपणा या दोन भिन्न गोष्टी होत. पूर्वी असा नाद काढण्यासाठी ध्वनिवर्धक कर्कश पातळीवर न्यावा लागे. डबीत माथे आधीच छाटले जात असल्याने तो हळू आवाजातही मिळतो. डबीवर 'डिस्टॉर्शन' व 'लेव्हल' अशा स्वतंत्र खुंट्या असतात. यांतील दुसरी खाली आणली तरी वादकाचा नाद बव्हंशी कायम राहतो. छातीत जाणवणारा दणका तेवढा उणा होतो, हे मान्य केले पाहिजे.

तो त्याग मात्र करण्याजोगा आहे. श्रवणरक्षणाच्या एका प्रचलित निकषानुसार ८५ डेसिबलचा ध्वनी दिवसास ८ तास सोसता येतो व पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ पंधरा मिनिटे उरते. अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वादनानंतर कानात गुणगुण राहत असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी.

तेव्हा वडीलमंडळींनी "हे बंद कर" असे म्हणण्याऐवजी "लेव्हलची खुंटी खाली घे" असे सांगून पाहावे. मुलाचे संगीत चालू राहील, शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही, आणि ज्या कानांच्या भरवशावर तो वादक होऊ पाहत आहे, ते कानही त्याच्यापाशी शाबूत राहतील.