वाळलेल्या फुलाची साक्ष

सुकलेलें फूल म्हणजे केर, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मुलानें माळावरचें रोप आणून कागदांत दाबून ठेवलें, तर "याचे गुण मिळतात काय?" असा प्रश्न पुष्कळ घरीं विचारला जातो. आमच्या मतें वडीलधाऱ्यांनीं हा प्रश्न पुन्हा एकवार तोलून पाहावा.

विष्णुक्रांतेचें उदाहरण घेऊं. नेवाशाच्या आसपासच्या मुरमाड माळावर, कुसळी गवताच्या बुडाशीं, पावसाळ्यांत ही लहानशी वनस्पति जमिनीलगत पसरते. तिचें निळें फूल सकाळीं उमलतें व दुपारनंतर मिटतें. दाबून वाळविल्यावर रंग फिका पडतो. परंतु पानांची ठेवण, देठावरची लव व फुलाचा घाट हीं, ओल व कीड यांपासून जपल्यास, शेंकडों वर्षें टिकतात. शेजारीं चिठ्ठी मात्र हवी: स्थळ, तारीख, जमिनीचा प्रकार, ताज्या फुलाचा रंग आणि गोळा करणाराचें नांव. चिठ्ठीवांचून तें केवळ वाळलेलें रोप. चिठ्ठीसह तें साक्षीदार होय.

ही साक्ष कशासाठीं? विष्णुक्रांतेची एक बहीण अमेरिकेच्या गवताळ मैदानांत वाढते. त्या देशांतील इलिनॉय प्रांतांत जॉन डीअर नामक लोहारानें १८३७ सालीं पोलादी नांगर बनविला, आणि तेथील काळी चिकट जमीन भराभर नांगरली गेली. आज त्या प्रांतांत मूळ गवताळ प्रदेश शेंकडा एक भागहि उरलेला नाहीं. तेथेंच शिकलेले रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक (१८२२–१८९८) पुढें आपल्या तालुक्यांतील वडाळा येथें राहिले, आणि आपलें काम सांभाळून पक्षी व गोगलगायींचे शंख यांचा अभ्यास करीत राहिले. दूरचा मनुष्य आपल्या मुलुखाची नोंद करतो, आणि आपण आपल्याच माळास 'पडीक' म्हणतों!

मुळा धरणाचें पाणी आलें, ऊंस आला, संसार सुधारले. हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु जी जमीन ओलिताखालीं गेली, तिच्यावर पूर्वीं काय फुलत होतें, हें आज कोण सांगेल?

कोणी म्हणेल, हें काम पंडितांचें. मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर ब्लॅटर यांच्या नांवाचा मोठा वनस्पतिसंग्रह आहे, पुण्यासहि सरकारी संग्रह आहे. खरें; पण प्रत्येक माळावर रोज सकाळीं ते कसे पोंचणार? तेथें आपलीं मुलें आहेत.

साहित्य थोडें लागतें: दोन फळ्या, जुनीं वर्तमानपत्रें, चार विटा. कागद आरंभीं रोज बदलावे. रोपें विपुल असतील तेथूनच एक घ्यावें. एकुलतें दिसल्यास त्यास हात लावूं नये.

आणि पालकांस एक विनंति. श्रावणांतील एका सकाळीं मुलांसह माळावर जावें, घरांतील वृद्धांसहि न्यावें. फुलांबरोबर त्यांचीं गांवठी नांवेंहि लोपत आहेत. आजीस ठाऊक असलेलें नांव नातवाच्या अक्षरांत त्या चिठ्ठीवर उतरलें, तर दोन्ही राहतील.