सुईनंतरची तक्रार

लस टोचून घेतल्यावर डोके दुखू लागले, अंग मोडून आले, की दोष लशीचा, असे मानावयास कोणाला पुरावा लागत नाही. माणूस आपल्या शरीराविषयी जे सांगतो ते खरे असते; त्याचे जे कारण तो सांगतो ते मात्र खरे असेलच असे नाही. करोनाप्रतिबंधक लशींच्या १२ चाचण्यांतील सुमारे ४५ हजार लोकांच्या नोंदी एकत्र पडताळून अमेरिकेतील संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याला लस मिळाली की निष्क्रिय द्रव, हे या लोकांस ठाऊक नव्हते. पहिल्या मात्रेनंतर लस मिळालेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या. निष्क्रिय द्रव मिळालेल्यांतही हे प्रमाण ३५ टक्के होते! हे लोक खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. एरवी ज्या डोकेदुखीकडे आपण लक्षही देत नाही, ती सुईच्या दुसऱ्या दिवशी लक्षात राहते, आणि भीतीनेही अंग दुखते. दुसऱ्या मात्रेनंतर मात्र हे आकडे ६१ आणि ३२ असे फाकले. म्हणजे लशीचा स्वतःचा त्रासही खराच होता.

आता या ३५ टक्क्यांचा आधार घेऊन प्रत्येक तक्रार ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावण्याचा मोह आरोग्यखात्यांना होणे शक्य आहे. तो घातक ठरेल. अमेरिकेत १९९० पासून अशा तक्रारींची एक राष्ट्रीय नोंदवही आहे व तीत कोणालाही तक्रार नोंदविता येते. लशीमुळे आपण चित्रकथेतला हिरवा राक्षस ‘हल्क’ झालो, अशी तक्रार एका डॉक्टरने मुद्दाम पाठविली, तीही दाखल झाली. पुढे चालकांनी विचारणा करून त्याच्या संमतीने ती काढली. त्यावरून या नोंदवहीची पुष्कळ थट्टा झाली. परंतु बालकांच्या अतिसारावरील ‘रोटाशील्ड’ ही लस १९९८ मध्ये तेथे बाजारात आल्यानंतर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकल्याच्या अवघ्या १५ नोंदी याच वहीत आल्या, आणि जुलै १९९९ मध्ये ती लस थांबविण्यात आली. पुढील तपासात धोका खरा ठरला व ऑक्टोबरमध्ये लस मागे घेण्यात आली. नोंद हा निवाडा नव्हे. पण नोंदच नसेल तर तपास कशाचा करणार?

आपल्याकडे लसीकरणाच्या सत्रात बाळाला ताप आल्याचे आई सांगते, तेव्हा ‘येतोच’ एवढे उत्तर पुष्कळदा पुरेसे मानले जाते. सौम्य तापापुरते ते बरोबरही असेल. परंतु कोणती लस, कोणत्या खेपेची, किती तासांनी काय झाले, हे लिहून घेण्यास दोन मिनिटे लागतात. रोटाशील्डचा धोका सुमारे दहा हजार बालकांत एकाला होता. एखाद्या आरोग्यकेंद्रातील परिचारिकेला असे बालक आयुष्यात दिसणारही नाही. आणि दिसले, तर तो योगायोगच वाटेल. शेकडो केंद्रांतले कागद एका टेबलावर आले, तरच त्या योगायोगांची संख्या कोणाच्या तरी ध्यानात येईल.