दिवा विझवू नका, वाचा
जुनी गाडी विकायला काढली की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा ‘बंद करून देणारे’ भेटतात, आणि तो सौदा जिवावरचा आहे. किल्ली फिरवल्यावर काही सेकंदांत विझायला हवा असलेला हा दिवा पेटलेलाच राहिला, तर धडकेच्या वेळी एअरबॅग फुगेलच याची खात्री उरत नाही. ‘गाडी तर व्यवस्थित पळते’ हे उत्तर गैरलागू आहे. दोष शोधायला इंजिनाचे दोष-कोड वाचणारा साधा स्कॅनरही इथे पुरत नाही, एअरबॅगचे कोड वाचणाराच लागतो. दोष पुष्कळदा किरकोळ निघतो: सीट मागेपुढे करताना तिच्याखालचा पिवळा कनेक्टर सैल होतो, किंवा स्टिअरिंगमधली गुंडाळलेली पट्टी, क्लॉक स्प्रिंग, वर्षानुवर्षांच्या वळणांनी तुटते, मग कधी हॉर्नही मुका होतो. पण किरकोळ म्हणून घरी पान्हा उचलू नये. बॅटरी सोडवली तरी एअरबॅग यंत्रणेच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार काही काळ टिकतो, आणि मल्टिमीटरच्या क्षीण प्रवाहानेसुद्धा एअरबॅग उडू शकते. दुरुस्तीच्या खर्चाची तक्रार रास्त आहे. तरी आधी कोड वाचला की चांगले भाग उगाच बदलावे लागत नाहीत. जुनी गाडी घेताना किल्ली फिरवून हा दिवा पेटून विझतो का, एवढं जरूर पाहा. मुळात पेटलाच नाही, तर बल्ब काढलेला असू शकतो.