रविवारचे मटण, सोमवारचे ताट



केज तालुक्यातल्या एका भगिनीने आम्हाला एक प्रश्न विचारला आहे. पाहुणे येणार म्हणून तिच्या घरी दोन किलो मटण आणले होते. सहा जण यायचे होते, एसटी चुकली आणि दोघेच आले. खोबरे, कांदा भाजून, वाटण घालून तिने सगळे मटण एकदमच शिजवले होते. रात्री अर्धे पातेले तसेच राहिले. सासूबाई म्हणाल्या, "टाकायचं नाही, पैशाचं हाय." मालक म्हणाले, "शिळं मला वाढू नको." ती विचारते, "मग तीन दिवस तेच कालवण मी एकटीनं खाल्लं. ताई, मसाल्याचं मटण उरलं तर त्याचं दुसरं काही करता येतं का?"

करता येते, आणि पुष्कळ करता येते. पण तिचे ते "मी एकटीनं खाल्लं" आमच्या मनातून जात नाही. त्याविषयी थोडे आधी बोलू, मग चुलीकडे वळू.

उरलेल्या अन्नाचा आपल्या समाजाला जुना राग आहे, आणि तो रास्त आहे. येसकराची पाळी ज्यांनी पाहिली, त्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दारोदार फिरून गोळा केलेले भाकरीचे तुकडे, लग्नाच्या पंगतीनंतर पत्रावळीवर राहिलेले अन्न, हे आपल्या पूर्वजांच्या मेहनतीचे मोल म्हणून त्यांच्या पदरात टाकले जात असे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे निक्षून सांगितले. पाण्याचा सत्याग्रह सर्वांच्या लक्षात आहे. ताटाविषयी सांगितलेली ही गोष्टही तितकीच मोठी होती. उपाशी राहू पण तुकडा घेणार नाही, असे म्हणण्याला त्या काळी काय लागले असेल, याचा विचार करा.

म्हणून आपल्या घरातला कर्ता माणूस "शिळं नको" म्हणतो तेव्हा त्यामागे कधी कधी हाही इतिहास असतो. पण भगिनींनो, उष्टे वेगळे आणि उरलेले वेगळे. उष्टे दुसऱ्याच्या ताटातले असते. उरलेले आपल्या पातेल्यातले असते, आपल्या घामाचे असते. आजच्या भावाने दोन किलो मटण म्हणजे शेतात राबणाऱ्या बाईची चार-पाच दिवसांची मजुरी झाली. त्याची लाज कसली?

लाज वाटायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीची वाटावी. गावाने जे तुकडे आपल्याला दिले ते आपण नाकारले, आणि घरात मात्र शिळे नेमाने सुनेच्या ताटात जाते. ताजे मालकाला, लेकरांना, पाहुण्यांना, कालचे बाईला. कोणी ठरवून करते असे नाही. तीही मुकाट्याने घेते, कारण तिच्या आईनेही तेच केलेले असते. उरलेल्याचा नवा पदार्थ करायचा तो यासाठीसुद्धा की तो सगळ्यांच्या ताटात जावा. ज्याला "शिळं" म्हणून नाक मुरडतात, तेच डालचा म्हणून पुढे आले तर दोन वाट्या ओरपतात. आम्ही पाहिले आहे!

तर डालच्यापासूनच सुरुवात करू. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान गेले, पण हा पदार्थ आपल्याकडे राहिला. लग्नकार्यात मोठ्या डेगीत शिजणारा डालचा बीड, परळी, अंबाजोगाईकडच्या लोकांना नव्याने सांगायला नको. त्याची मुख्य खुबी हीच की थोड्या मटणात पुष्कळ माणसे जेवतात. आपण तो उरलेल्या मटणाचा करायचा. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ तासभर भिजवून मऊ शिजवा. थोडी तूरडाळ घातली तरी चालेल. त्यात दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी टाका. फोडी शिजत आल्या की उरलेले मटण हाडांसकट आणि रश्शासकट ओता, चिंचेचा कोळ घाला आणि दहा-पंधरा मिनिटे चांगले खदखदू द्या. मटण आधीच शिजलेले आहे, म्हणून ते शेवटी. डाळीबरोबर पहिल्यापासून घातले तर त्याचे नुसते दोरे होतात. वरून लसूण, जिरे, कढीपत्त्याची फोडणी. मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नका. मसाल्याचे मीठ रश्शात असतेच, हे विसरून आम्ही एकदा दहा माणसांचा डालचा खारट केला होता. मग त्यात बटाटे घाला, आणखी डाळ शिजवा, असे करता करता तो वीस माणसांचा झाला. आळीतल्या सगळ्या घरी वाट्या गेल्या.

नुसता रस्सा उरला आणि फोडी संपल्या असतील तर चकोल्या कराव्यात. गव्हाची कणीक घट्ट मळून पोळी लाटायची, सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि उकळत्या रश्शात सोडायचे. रस्सा आधी दुप्पट पाणी घालून वाढवून घ्या, कारण कणीक पाणी पिते. हुलग्याचे पीठ घरात असेल तर शेंगोळ्यांना ह्यापरता चांगला रस्सा नाही. थंडीच्या दिवसांत हुलगा आणि मटणाचा रस्सा एकत्र आले की घरात कोणी बोलत नाही, फक्त फुर्र फुर्र ऐकू येते.

फोडी उरल्या आणि रस्सा संपला, तर हाडे काढून टाका आणि मांस पाट्यावर ओबडधोबड ठेचून घ्या. हा झाला आयता खिमा, मसाला मुरलेला. कढईत थोड्या तेलावर परतून त्यातला ओलसरपणा जाऊ द्या. मग त्यात निवडलेली मेथी घाला, ती आपल्या पाण्यातच शिजते. एक जुडी मेथी आणि दोन मुठी खिमा, एवढ्यात पाच माणसांच्या भाकरीला कोरड्यास होते. अंबाडीचा पाला मिळाला तर आधी उकडून, पिळून घाला. आंबट पाला आणि मटण ही जोडी तेलंगणाकडे फार चालते, आणि आपल्याकडे अंबाडी दारातच असते.

याच खिम्यात एक उकडलेला बटाटा, कोथिंबीर आणि मुठभर हरभऱ्याचे पीठ कालवून चपटे वडे करता येतात. तव्यावर थोड्या तेलात भाजा, तळायला नको. शाळेच्या डब्याचे म्हणाल तर थंडीत, सकाळी केलेले वडे पोरे मधल्या सुट्टीत खातात तोवर टिकतात. उन्हाळ्यात असा डबा देऊ नये. धपाट्याच्या पिठातही हा खिमा मळता येतो. ज्वारीचे पीठ, थोडे हरभऱ्याचे पीठ, तीळ, आणि पाण्याऐवजी उरलेला रस्सा उकळून कोमट करून घ्यायचा. तिखट-मीठ वेगळे लागत नाही. शिळ्या भाकरीचा रश्शातला कुस्करा तर सर्वांनाच ठाऊक आहे, त्याची कृती सांगून जागा अडवत नाही.

पण खरी युक्ती उरण्याच्या आधीची आहे. मटण हळद-मीठ घालून शिजले की वाटण घालण्यापूर्वीच दोन-तीन वाट्या आळणी बाजूला काढून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना, लहान लेकरांना आळणी भात चालतो. पाहुणे वाढले तर ते मसाल्यात टाकता येते, कमी आले तर दुसऱ्या दिवशी त्याचे काहीही होते. एकदा सगळ्याला मसाला लागला की तुमचा हात बांधला जातो.

आता जपण्याविषयी. येथे आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत, कारण एका वैशाखात आमच्या स्वतःच्या घरात सगळी माणसे उलट्या-जुलाबाने आडवी झाली होती. चूक आमचीच होती. गरम मटणावर झाकण घालून पातेले रात्रभर चुलीच्या वैलावर ठेवले होते. सकाळी वास नव्हता, फेस नव्हता. उकळूनही घेतले होते. तरी व्हायचे ते झाले. नंतर कळले की कोमट अन्नात काही जंतू असे विष तयार करतात, की पुन्हा उकळल्यावर जंतू मरतात पण विष जात नाही. मसाल्याने मटण टिकते हा समज मनातून काढून टाका. आपण कालवणात घालतो तेवढ्या हळद-मिठाने आणि तिखटाने चव येते, राखण होत नाही.

म्हणून शिजल्यापासून दोन तासांच्या आत उरलेल्याचा निकाल लावायचा, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका तासात. निकाल म्हणजे काय? फ्रिज असेल तर मटण पसरट भांड्यात काढा, ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि लगेच आत ठेवा. तीन दिवसांत संपवा. लागेल तेवढेच बाहेर काढून खदखदून उकळा. एकच पातेले रोज तापवून रोज आत ठेवू नका. फ्रिज नसेल तर उन्हाळ्या-पावसाळ्यात मटण सकाळपर्यंत ठेवायचे नाही. त्याच रात्री शेजारी वाटी द्या. वाटी परत येताना रिकामी येत नाही, हा आपल्या वस्तीचा फ्रिजच आहे. आणि दही, आले-लसूण लावून ठेवलेले कच्चे मटण उरले तर ते त्याच दिवशी शिजवा. त्या मसाल्याचे भांड्यात राहिलेले पाणी कोशिंबिरीत किंवा चटणीत घालणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. ते कच्च्या मांसाचे पाणी आहे, कच्चे पोटात जाता कामा नये.

त्या भगिनीने शेवटी असेही विचारले आहे की, तिची आजी चान्या करायची, तसे हे मटण वाळवून ठेवता येईल का. चान्या आता पुष्कळ तरुण मुलींना माहीत नाहीत. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची, दोरीवर नाहीतर बाजेवर कडक उन्हात वाळवायच्या आणि गाडग्यात भरून ठेवायच्या. अडीनडीला निखाऱ्यावर भाजून किंवा कालवण करून खायच्या. जनावर मोठे, खाणारे गरीब, आणि साठवायला दुसरे साधन नाही, त्यातून आलेली ही विद्या होती. पेरू देशातल्या डोंगरी लोकांनीही हेच केले. ते वाळवलेल्या मांसाला चार्की म्हणत, आणि इंग्रजीतला जर्की हा शब्द त्यावरूनच आला. आपल्या चान्यांना मात्र नाव घ्यायचीही चोरी होती. शाहू पाटोळे यांच्या २०१५ साली आलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या या ताटाची नोंद झाली, तेल-तूप-दूध जवळ नसलेल्या चुलींवर काय काय शिजत होते ते छापले गेले. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. त्याच २०१५ सालच्या मार्चपासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आली, त्यामुळे आजीच्या चान्या ज्या मांसाच्या होत्या ते मांसही बाजारातून गेले.

तिच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. चान्या कच्च्या, बिनतेलाच्या मांसाच्या होतात. आपले उरलेले मटण शिजलेले, तेला-खोबऱ्यात मुरलेले असते. उन्हात ठेवले तर मांस वाळण्याआधी खोबरे खवट होते, आणि आत ओल राहते ती वेगळीच.

कारखान्यावर जाणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली हजारो जोडपी कोयता घेऊन निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत संसार करतात. तिथे फ्रिज कुठला? बाजाराच्या दिवशी मटण आणले की रात्री शिजते, आणि पहाटे तीनला उठून फडात जाताना उरलेले डब्यात भरले जाते. त्याऐवजी चार कोप्यांनी मिळून एक वाटा घ्यावा, म्हणजे रात्री उरतच नाही. थंडीच्या दिवसांत थोडे राहिलेच, तर निजण्यापूर्वी खदखदून उकळा, पसरट भांड्यात निववून वर जाळी घाला आणि पहाटे पुन्हा उकळी आणून रस्सा आटवून कोरडे करा. भाकरीबरोबर ते फडात न्यायचे आणि सकाळच्या पहिल्या न्याहारीलाच संपवायचे, दुपारपर्यंत उसाच्या पाल्याखाली ठेवायचे नाही. संक्रांत झाली, ऊन तापू लागले की हेही बंद. आणि न्याहारीला बसाल तेव्हा डबा दोघांच्या मध्ये ठेवून खा.