जांभळाची बी, उंदीर आणि माणूस



रविवारच्या वंदनेनंतर विहारात चहा होतो, तेव्हा हल्ली राजकारणाइतकीच चर्चा साखरेची असते. ही साखर कपातली नव्हे, रक्तातली. परवा एका बांधवांनी वर्तमानपत्राचे कात्रण आणले. जांभळाच्या बियांच्या अर्काने उंदरांची साखर उतरली, अशी बातमी होती. "आता गोळ्या कशाला?" असे त्यांचे म्हणणे.

बातमी खोटी नाही, पण ती पुरती वाचली पाहिजे. अशा प्रयोगांत बहुधा उंदरांना ॲलोक्झान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचतात. ॲलोक्झानचा हा परिणाम १९४३ साली उघडकीस आला. त्याने स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि साखर चढते. मग काही उंदरांना अर्क देतात, काहींना देत नाहीत, आणि दोहोंची साखर ताडून पाहतात. जांभूळ आणि मेथी यांच्या बियांच्या अर्काने अनेक प्रयोगांत साखर उतरलेली दिसली आहे.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांचा मधुमेह असा दोन दिवसांत रसायनाने झालेला नसतो. त्यात इन्शुलिन असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि हे वर्षानुवर्षे चालते. शिवाय मात्रेचा हिशेब पाहा. समजा उंदराला किलोमागे २५० मिलिग्रॅम अर्क दिला. साधा गुणाकार केला तर साठ किलोच्या माणसाला १५ ग्रॅम होतो. शास्त्रज्ञांच्या रीतीने काढला तर अडीच ग्रॅमच्या आसपास. इतका फरक! आणि अर्क म्हणजे घरची पूड नव्हे. मग चमचा कोणत्या हिशेबाने भरायचा?

प्राण्यांवरचे प्रयोग फुकट आहेत, असे आम्ही म्हणत नाही. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, त्यातूनच इन्शुलिन हाती आले. पण ते तिथे थांबले नाहीत. जानेवारी १९२२ मध्ये ते एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले, अर्क अधिक शुद्ध केला, पुन्हा दिला, मोजले. मेथीचेही माणसांवर पाहिले गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० च्या अभ्यासात तेल काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम दिली, तेव्हा साखर उतरली. पण ते रुग्ण इन्शुलिनवरचे होते. उलट ब्राझीलमध्ये लोक जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. तो उंदरांवर आणि माणसांवर तपासला, तर गुण दिसला नाही. ती पाने होती, बिया नव्हत्या, हे खरे. पण लोकांचा विश्वास आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून कळते.

हे लिहिण्याचे कारण सांगतो. आमच्या वस्तीतील एका जुन्या कार्यकर्त्याला जांभूळपुडीची पुडी आम्हीच आणून दिली होती. त्यांनी गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी अंगठ्याची जखम चिघळली आणि पाऊल कापावे लागले. मोर्चात पुढे चालणारा माणूस आता दारात खुर्ची टाकून बसतो. ते आम्हाला काही बोलत नाहीत, आणि तेच जास्त बोचते.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावली होती. या दुखण्याला किरकोळ समजण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

जांभळे खा, भाजीत मेथी घाला. पूड घ्यायचीच तर डॉक्टरांना सांगून घ्या, कारण गोळ्यांच्या जोडीला साखर फार उतरून घेरीही येऊ शकते. गोळ्या आणि इन्शुलिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करा, रोज रात्री पाय पाहा.

ऐकीव आहे किंवा परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पुडी घेऊन जाताना ते आम्हाला आठवले नाही. तुम्ही आठवा.